अलॉयशसचा कान

जुलैचा दुसरा शनिवार, पहाटेचे दोन.
चर्चच्या मागे सिमेंटच्या ठोकळ्यांचा लांब चर,
वर जुन्या पलंगासारखी कुरकुरणारी जाळी,
जाळीवर चाळीस मेंढ्या, दोन-दोन फाकी करून उताण्या.
तंबाखूच्या शेतांवरून दमट वारा येतो,
ओहायो नदीचा चिखल हुंगून धुरात शिरतो.

केंटकीच्या या पश्चिम टोकाला
बार्बेक्यू म्हणजे मटण.
तेही कोवळं नव्हे.
लोकर देऊन देऊन थकलेली,
दात झिजलेली म्हातारी मेंढी,
कुठल्याच घाईच्या तव्याला दाद न देणारी.

डेल्फीनचा नवरा कॅरोलायनाचा.
डुक्कर नसेल तर त्याला बार्बेक्यू म्हणूच नये, म्हणतो.
व्हिनेगरवाल्यांच्या गावात वाढलाय,
मोहरीवाल्यांशी सोयरीकसुद्धा करणार नाही.
लाकडं घेऊन आलेला ड्रायव्हर टेक्ससचा,
त्याची सगळी श्रद्धा गाईच्या छातीवर.
अलॉयशस वाद घालत नाही.
"आधी जेवा," म्हणतो, "मग भांडा. भरल्या पोटी आवाज कमी निघतो."

दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्याचं नाक गेलं.
जिभेवरचं मीठही गेलं.
हे त्याने फक्त मला सांगितलं,
ट्रकचं इंजिन बंद करून, समोरच्या काचेकडे बघत.
छप्पन्न वर्षं आग राखली,
आणि आता शर्टाला धुराचा वास येतो की नाही
हे बायकोला विचारावं लागतं.

म्हणून तो खुर्ची चराच्या अगदी कडेला ओढतो,
टोपी गुडघ्यावर ठेवतो, डोळे मिटतो
आणि ऐकतो.

चर्र.
"हिकरी बरोबर लागलीय."
फस्स.
"तिसऱ्या झडपेपाशी राख साचली. फावडं घे."
तड, तडतड, तडतडतड...
"पळ, पोरी! डावीकडे जाळ धरतोय!"
मी बादलीत कुंचा बुडवते,
काळं, पातळ, आंबट, मिरीने गढूळ झालेलं पाणी
मेंढ्यांच्या बरगड्यांवर फेकते.
वाफ सरळ माझ्या डोळ्यांत.
मी खोकते, शिंकते, त्याची टोपीसुद्धा हलत नाही.

मला सगळे थेंब सारखेच वाटतात.
तसं म्हटलं तर हसतो.
"माझाही कान कोवळाच होता.
नाक होतं ना, त्याला काम कोण देणार?"

चार वाजता फिलोमिना येते.
पलीकडे तिच्या कढईत बर्गू रटरटतोय,
मटण, कोंबडी, मका, बटाटे, कुणाच्या परसातला कोबी.
होडीचं वल्हं घेऊन ती रात्रभर ढवळतेय.
दरवर्षीसारखा चमचा पुढे करते: "मीठ?"
तो घोट तोंडात घोळवतो. बराच वेळ.
मी तिच्या पाठीमागे उभी.
मघाशीच चाखलेलं मी. करंगळीचं पेर दाखवते.
"किंचित कमी," तो म्हणतो.
"मलाही तेच वाटलं," फिलोमिना म्हणते,
आणि जाताना
माझ्या करंगळीवर हलकेच चापट मारते.

उजाडतं. घंटेवर कावळा बसतो.
"ये इकडे," अलॉयशस म्हणतो, "वाक. काय ऐकू येतं?"
मी कान जाळीजवळ नेते, गाल भाजेपर्यंत.
चर्र नाही. फस्स नाही.
"काहीच नाही."
"मग झालं. म्हातारीचं सगळं सांगून झालं.
उतरवा."

दुपारी रांग थेट दफनभूमीच्या फाटकापर्यंत जाते.
कागदी ताटल्या, पांढरा पाव, कच्चा कांदा,
डेल्फीनचा नवरा तिसऱ्यांदा रांगेत, मान खाली घालून.

आम्ही दोघं लाकडांच्या ढिगाआड.
तो आपली ताटली माझ्याकडे सरकवतो.
"सावकाश खा," म्हणतो, "आणि मोठ्याने सांग."

मी चावते. आधी धूर, मग आंबट,
मग मागून काहीतरी रानटी, ओल्या गवतासारखं...
"लोकर," तो म्हणतो, "पावसात भिजलेली."
हो.
"अजून?"
मी अजून एक घास घेते.